लष्कराच्या भाकऱ्या

आमच्या घरात कुणी फुकटचा उद्योग अंगावर घेतला की आईचं एक ठरलेलं वाक्य असायचं. "झालं सुरू? भाजा लष्कराच्या भाकऱ्या!" सोसायटीचा गणपती, गॅदरिंगचं नाटक, मित्राच्या बहिणीच्या लग्नातली वाढपाची ड्यूटी, सगळं याच खात्यात जमा व्हायचं. गंमत म्हणजे प्रत्यक्ष भाकऱ्या भाजायची वेळ आली की सगळ्यांत पुढे तीच असायची. पण ते असो.

परवा एक जुना ब्रिटिश सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला आणि आईचं हे वाक्य आठवून हसू आलं. कारण या सिनेमात खरोखरच लष्कर आहे. जर्मन लष्कर, लंडनच्या रस्त्यांवरून बूट आपटत चाललेलं. आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक शिपाई सुट्टीच्या दिवशी घरचं खाऊन आलेला हौशी माणूस आहे. पगार नाही, मानधन नाही.

सिनेमाचं नाव 'इट हॅपन्ड हिअर'. म्हणजे 'हे इथंच घडलं'. १९५६ साली सुरू झाला आणि १९६४ साली पुरा झाला. सुरू केला तेव्हा दिग्दर्शकाचं वय होतं १८, आणि त्याला येऊन मिळालेल्या जोडीदाराचं १६! हाताशी पैसे नाहीत, स्टुडिओ नाही, पाठीशी निर्माता नाही. अशा वेळी शहाण्या मुलानं विषय कसला घ्यावा? दोन मित्र, एक खोली आणि एक प्रेमभंग. ह्या पठ्ठ्यांनी घेतला तो असा - १९४० साली हिटलरनं इंग्लंड जिंकलं असतं तर?

ही गोष्ट मला इतकी लागून राहिली त्याला एक घरगुती कारणही आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मामाच्या वाड्यात आम्ही एक उद्योग केला होता. नातेवाईक मंडळींना आठवत असेलच. त्यावर येतोच, पण आधी लंडनला जाऊ.

केव्हिन ब्राउनलो हा १९३८ चा जन्म. शाळकरी वयातच त्याला मूकपटांचं वेड लागलं. तेव्हा घरी सिनेमा दाखवायला साडेनऊ मिलिमीटरची चिमुकली फिल्म मिळायची. १९५४ च्या सुमारास त्याच्या हाती आबेल गान्सच्या 'नेपोलियन' (१९२७) या फ्रेंच मूकपटाची दोन रिळं लागली. दोनच रिळं, एका अवाढव्य सिनेमाची. ती पाहून पोरगं असं झपाटलं की पुढे कित्येक वर्षं त्याचे उरलेले तुकडे जगभरातून गोळा करत राहिलं. हा स्वभाव लक्षात ठेवा. तुकडे जमवणं आणि हार न मानणं, पुढचा सगळा सिनेमा या दोन गोष्टींवर उभा आहे.

शाळा संपल्यावर तो लंडनमध्ये एका डॉक्युमेंटरी कंपनीत लागला, अगदी तळच्या पायरीवर. एके दिवशी रस्त्यानं जाताना त्याला एक काळी सित्रोएन गाडी दुकानासमोर करकचून थांबलेली दिसली. आतून एक माणूस उतरला, जर्मन भाषेत काहीतरी ओरडला आणि दुकानाकडे धावला. बस, एवढंच. पण त्या क्षणी त्या पोराला वाटलं, हे शहर त्यांनी घेतलं असतं तर रोजचं दृश्य असंच दिसलं असतं.

१९५६ चं लंडन डोळ्यांसमोर आणा. युद्ध संपून अकरा वर्षं झालेली. रेशनिंग पूर्णपणे उठलं ते १९५४ च्या जुलैत, म्हणजे अगदी काल-परवा. बॉम्बनं पडलेल्या इमारतींच्या जागा अजून मोकळ्याच होत्या. आणि प्रत्येक ब्रिटिश माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की होती, की आम्ही वाकलो नाही आणि जर्मन आले असते तरी वाकलो नसतो. आता इंग्लिश खाडीतली चॅनेल बेटं १९४० ते १९४५ जर्मनांच्या ताब्यात होती. तिथले ब्रिटिश पोलीस, ब्रिटिश कारकून आपापलं काम करत राहिले होते, फक्त वरचा साहेब बदलला होता. पण ही गोष्ट कुणी चारचौघांत फारशी काढत नसे. अशा वेळी एक अठरा वर्षांचा मुलगा विचारायला निघाला, की बाबांनो, आपण खरंच वाकलो नसतो का? आणि हा प्रश्न विचारायला त्याला माणसं हवी होती. शेकड्यांनी, आणि फुकटात.

आता भरती कशी झाली ते बघा.

पहिला महत्त्वाचा माणूस अँड्र्यू मोलो. हा सोळा वर्षांचा मुलगा, वडील रशियातून आलेले निर्वासित. याला नाद लष्करी गणवेशांचा. कुठल्या रेजिमेंटची कॉलर कशी आणि कुठलं पदक कुठल्या खिशावर, सगळं तोंडपाठ. ब्राउनलोनं त्याला गाठलं ते गणवेशांबाबत सल्ला हवा होता म्हणून. तोवर चित्रित केलेलं मोठ्या उत्साहानं दाखवलं. मोलोनं ते पाहिलं आणि सगळं चुकीचं आहे म्हणून सांगून टाकलं. दुसरा कुणी असता तर त्यानं या दीडशहाण्याला वाटेला लावलं असतं. ब्राउनलोनं काय केलं? झालेलं काम बाजूला ठेवलं, नव्यानं सुरुवात केली आणि मोलोला सहदिग्दर्शक केलं!

या मोलो घराण्याचा आपल्याशी एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. अँड्र्यूचा थोरला भाऊ जॉन मोलो. त्यालाही गणवेशांचाच नाद. पुढे 'स्टार वॉर्स'च्या वेशभूषेसाठी त्याला ऑस्कर मिळालं, आणि दुसरं मिळालं ते 'गांधी'साठी, १९८३ च्या एप्रिलमध्ये. ते त्यानं विभागून घेतलं आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्याबरोबर. त्या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. लहानपणी ज्याला घरचे 'काय ती बटणं जमवत बसलायस' म्हणतात, तो नाद कुठवर नेतो पाहा.

तर अँड्र्यूबरोबर गणवेश आले, आणि माझा अंदाज असा की गणवेशांमागून माणसं आली. ज्यांनी हौशी नाटकं केली आहेत त्यांना हे सांगायला नको. मावळ्यांच्या घोळक्यात उभं राहायला कुणी मिळत नाही, पण ड्रेपरीवाल्याकडून तलवारी आल्या असं कळलं की कालपर्यंत 'परीक्षा आहे' म्हणणारेही हजर होतात.

कॅमेऱ्यावर पुढे आला पीटर सुशित्स्की. १९४१ चा जन्म, म्हणजे हाही पोरगाच. पूर्ण लांबीचा हा त्याचा पहिलाच सिनेमा. याचे वडील वोल्फगांग हे व्हिएन्नाच्या ज्यू घरातले. हिटलरनं ऑस्ट्रिया गिळंकृत करण्याआधीच, १९३० च्या दशकात, ते देश सोडून बाहेर पडले आणि पुढे इंग्लंडमध्ये छायाचित्रकार म्हणून नावाजले. नाझींमुळे ज्या कुटुंबाला परत फिरणं शक्य झालं नाही, त्यातला मुलगा इथे खोट्या नाझींवर कॅमेरा रोखून उभा होता. (हाच पीटर पुढे 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'चा छायाचित्रकार झाला.)

रेडिओवरच्या बातम्यांसाठी त्यांनी कुणाला गाठावं? अल्वार लिडेल आणि फ्रँक फिलिप्स यांना. युद्धाच्या काळात बीबीसीवरून बातम्या सांगणारे हे खरेखुरे निवेदक. अवघ्या देशानं ज्या आवाजात विजयाच्या बातम्या ऐकल्या होत्या, त्याच आवाजात आता पराभूत इंग्लंडच्या बातम्या ऐकू येणार! थिएटरात बसलेल्या चाळिशीतल्या माणसाच्या अंगावर काटा आला असेल.

नायिका पॉलीन मरे, ही व्यावसायिक नटी नव्हे. पात्राचं नावही पॉलीनच ठेवलं. एका डॉक्टरच्या भूमिकेत सेबॅस्टियन शॉ हा कसलेला नट. असे व्यावसायिक अगदी मोजके. बाकी सगळी फौज हौशी.

आणि फिल्म? कच्ची फिल्म फुकट मिळत नाही, ती विकतच घ्यावी लागते. सुरुवातीचं चित्रण १६ मिलिमीटरवर केलं, पुढचं ३५ वर. स्टॅन्ली कुब्रिक त्या सुमारास इंग्लंडमध्ये 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' करत होता. त्याच्या सिनेमातून उरलेले कोऱ्या फिल्मचे तुकडे त्यानं या पोरांना देऊन टाकले. शिंप्याकडच्या कपड्याच्या चिंध्या जमवून गोधडी शिवावी तसं हे. शेवटी दिग्दर्शक टोनी रिचर्डसननं ३ हजार पौंड घातले, तेव्हा कुठे सिनेमा मार्गी लागला. एकूण खर्च सुमारे ७ हजार पौंड. आठ वर्षांत.

आठ वर्षं म्हणजे किती, याचा जरा विचार करा. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेला (१९५४ पासून चालू आहे) उतरणाऱ्या कुठल्याही संस्थेला विचारा. तीन महिन्यांची तालीम पार पाडताना नाकी नऊ येतात. एकाची बदली, एकीचं लग्न, एकाच्या आजीचं आजारपण. फुकट येणाऱ्याला 'आलाच पाहिजेस' असं म्हणता येत नाही, फक्त 'येशील ना रे?' असं विचारता येतं. ते आठ वर्षं विचारत राहायचं! सिनेमात तर त्याहून वाईट. नाटकातला शिपाई पुढच्या प्रयोगाला बदलला तरी चालतो. सिनेमात तो दारातून आत येतो एका वर्षी आणि खुर्चीत बसतो दुसऱ्या वर्षी. मधल्या काळात त्याची दाढी, केस, पोट सगळं तेच राहायला हवं.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, वा, किती छान, जिद्दीची कहाणी. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. दुसऱ्यांदा पाहताना मात्र एक वेगळीच गोष्ट दिसली आणि मी जरा चपापलो.

सिनेमाची कथा थोडक्यात अशी. १९४० मध्ये जर्मनांनी इंग्लंड घेतलं आहे. काळ १९४४-४५ चा. पॉलीन ही खेड्यातली नर्स. लढाईमुळे तिचं गाव रिकामं करायला लावतात. त्या धांदलीत गोळीबार होतो आणि तिची जवळची माणसं मरतात. ती लंडनला येते. तिला राजकारणात काडीचा रस नाही. तिला फक्त काम हवं आहे, रोग्यांची सेवा करायची आहे. पण नर्सचं काम हवं असेल तर 'इमिजिएट अॅक्शन' नावाच्या संघटनेत भरती व्हावं लागतं. ही ब्रिटिश लोकांचीच संघटना, जर्मनांना सामील झालेली. काळा गणवेश. पॉलीन विचार करते, हरकत काय, काम तर चांगलंच आहे ना? आणि गणवेश चढवते.

मग हळूहळू गोष्टी बदलतात. रस्त्यातली माणसं तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. जुने मित्र, ते डॉक्टर आणि त्यांची बायको, दुरावतात. तेच डॉक्टर एकदा तिला म्हणतात की फॅसिझमची खरी भयंकर गोष्ट ही, की त्याला हटवायलाही त्याच्याच पद्धती वापराव्या लागतात. शेवटी तिला एका शांत, सुंदर, खेड्यातल्या इस्पितळात पाठवतात. तिथे क्षयाचे रोगी असलेले परदेशी मजूर येतात, लहान पोरांसकट. ती त्यांना इंजेक्शनं देते. दुसऱ्या दिवशी खाटा रिकाम्या. कशाची इंजेक्शनं होती ते तिला तेव्हा कळतं. हे कल्पनेतलं नव्हे बरं का. खुद्द जर्मनीत १९४० आणि १९४१ मध्ये सत्तर हजारांहून जास्त अपंग आणि मनोरुग्ण अशाच नेमस्त, स्वच्छ संस्थांमधून मारले गेले होते, डॉक्टर आणि नर्सांच्या हातून.

तर सिनेमा आहे कशाबद्दल? साधी, सरळ माणसं आपखुशीनं गणवेश कशी चढवतात याबद्दल. प्रत्येकाला आपापलं कारण असतं. एकाला काम हवं असतं, दुसऱ्याला शिस्त आवडते, तिसऱ्याचा मित्र भरती झालेला असतो. आणि सिनेमा बनवला कुणी? आपापल्या कारणासाठी आपखुशीनं गणवेश चढवून आलेल्या शेकडो साध्या, सरळ माणसांनी! पडद्यावरची भरती आणि पडद्यामागची भरती एकाच रीतीची. मला नाही वाटत अठराव्या वर्षी ब्राउनलोनं हे ठरवून केलं असेल. पण पार्लमेंटच्या इमारतीसमोरून ती तुकडी कूच करत जाते तेव्हा ती इतकी खरी वाटते, त्याचं हे एक कारण असावं. ते नट नाहीत. गणवेश घातल्यावर ज्यांची मान आपोआप ताठ झाली अशी ती माणसं आहेत.

खऱ्या इतिहासात एसएस दलात ब्रिटिश युद्धकैद्यांची एक तुकडी काढायचा प्रयत्न जर्मनांनी केला होता. सगळे मिळून साठसुद्धा माणसं त्यात आली नाहीत. ब्रिटिश लोक हा आकडा अभिमानानं सांगतात. पण ते होतं देश हरलेला नसताना. सिनेमा विचारतो, हरल्यावर किती आले असते?

आता या भरतीतला सगळ्यात अवघड भाग. सिनेमात एक प्रसंग आहे. काळ्या गणवेशातली मंडळी निवांत बसून पॉलीनशी बोलताहेत. ज्यू लोकांबद्दल, दुबळ्यांना जगू द्यावं की नाही याबद्दल. आवाज चढवत नाहीत, चहाच्या टेबलावर बोलावं तसं. अंगावर शहारे येतात. कारण हे संवाद कुणी लिहिलेलेच नव्हते. बोलणारे खरेखुरे ब्रिटिश फॅसिस्ट होते! साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडात असे गट पुन्हा डोकं वर काढत होते. कॉलिन जॉर्डनची 'नॅशनल सोशलिस्ट मूव्हमेंट' १९६२ साली उघडउघड निघाली. दिग्दर्शकांनी अशा माणसांना बोलावलं, कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि जे मनात आहे ते बोला म्हणून सांगितलं. नट जे वाचून दाखवणार त्यापेक्षा खऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं प्रेक्षकाला जास्त हादरवेल, हा हिशेब.

सिनेमा १९६४ मध्ये लंडनच्या महोत्सवात दाखवला आणि गदारोळ उठला. ज्यू संघटनांचं म्हणणं, त्यांना व्यासपीठ दिलंत आणि उत्तर द्यायला समोर कुणीच नाही. ज्यांची माणसं छळछावण्यांत गेली त्यांनी हे गुपचूप का बघावं? वितरण करणाऱ्या युनायटेड आर्टिस्ट्सनं तो प्रसंग काढायला लावला. १९६६ साली सिनेमा लागला तो सहा-सात मिनिटं कापूनच. कापलेला तुकडा परत जोडला गेला तो थेट नव्वदच्या दशकात.

बरोबर कोण? मी बराच घोळलो. ती माणसं बोलतात तेव्हा ती स्वतःचीच शोभा करून घेतात, हे ब्राउनलोचं म्हणणं मला पटतं. पण शोभा झालेली दिसायला बघणाऱ्याची नजर शाबूत असावी लागते, आणि ती प्रत्येकाची असतेच असं नाही. शिवाय फुकट काम करायला आलेला माणूस रिकाम्या हातानं येत नाही. मोलो गणवेश घेऊन आला, निवेदक आवाज घेऊन आले, तसे हे आपलं विष घेऊन आले. दार उघडलं कुणी, हा प्रश्न दिग्दर्शकापाशी उरतोच.

हे मी इतक्या खात्रीनं म्हणतो त्याचं कारण आता सांगतो.

१९९८ च्या मे महिन्यात आम्ही भावंडांनी आणि कॉलेजातल्या चार मित्रांनी मिळून एक सिनेमा काढायचं ठरवलं. एका मित्राच्या काकांनी मस्कतहून हँडिकॅम आणला होता, तेवढंच भांडवल. विषय, १८९७ चा पुण्यातला प्लेग. रँडसाहेबाच्या प्लेग समितीचे गोरे सोजीर घरोघर शिरून रोगी शोधत होते, सामान बाहेर फेकून जाळत होते, त्यातून लोक पेटले आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. आम्हाला चित्रित करायची होती ती एका घराची झडती. वाडा मामाचा. घरधनीण म्हणून मामी. सोजीर म्हणून आमचे मावसभाऊ, चुलतभाऊ. ड्रेपरीवाल्याकडून खाकी कपडे भाड्यानं आणले. दिग्दर्शक अर्थातच मी.

मामीला सांगितलं होतं की फक्त रिकाम्या डब्यांना हात लावू. तालीम तशीच झाली. सगळे हसत होते, मामी तर पदराआड तोंड लपवून. मग टेक घेतला. आमचा थोरला दादा, ज्यानं आयुष्यात कधी कुणावर आवाज चढवला नाही, तो स्वयंपाकघरात शिरला आणि त्याचं काय झालं कोण जाणे. डबे फेकले, हंडा लाथेनं कलंडला, मामीला दंडाला धरून बाहेर ओढलं. मी 'कट' म्हटलं. तरी तो आत वळला आणि फळीवरची बरणी उचलून त्यानं अंगणात भिरकावली. चिनी मातीची बरणी. वर्षाचं कैरीचं लोणचं, आठवड्यापूर्वीच घातलेलं.

क्षणभर कुणी काहीच बोललं नाही. मग एक जण हसला, मग सगळेच. दादा घामानं निथळत उभा होता. म्हणाला, "सॉरी मामी, मला कळलंच नाही." मामी काही बोलली नाही. खाली बसून तुकडे वेचायला लागली. आणि मी? मी हँडिकॅमच्या खिडकीत शॉट मागे नेऊन बघत होतो. फार चांगला आला होता. मी तसं म्हणालोही, मोठ्यानं.

पुढे तो सिनेमा झालाच नाही. दुसऱ्या रविवारी मामीला गावाला जायचं होतं, तिसऱ्या रविवारी कॅमेरा परत द्यायचा होता. कारणं ही सांगितली गेली. खरं कारण ती बरणी होती हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दादाला मी कधी दोष दिला नाही. खाकी कपडे मी आणले होते, "जरा जोरात, खरं वाटलं पाहिजे" हेही मीच सांगितलं होतं. मामी आमच्यासाठी फुकट आली होती, सकाळी पंधरा जणांचे पोहे करून. तिनं काय द्यायचं कबूल केलं होतं आणि मी काय घेतलं, यातला फरक मला तेव्हा दिसलाच नाही.

ब्राउनलो आणि मोलोंचं पुढे काय झालं तेही सांगतो. त्यांच्या सिनेमानं त्यांना पैसा मिळवून दिला नाही. १९६८ साली ब्राउनलोनं सिनेमा कसा झाला यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मग दोघांनी मिळून आणखी एकच सिनेमा केला, 'विन्स्टन्ली' (१९७५). १६४९ साली सरे परगण्यात काही गरीब माणसांनी पडीक जमीन सगळ्यांची म्हणून कसायला घेतली होती, 'डिगर्स' म्हणत त्यांना, त्यांची गोष्ट. चिलखतं टॉवर ऑफ लंडनमधून मागून आणली, म्हणजे मोलोची खोड गेली नव्हती. पुन्हा हौशी माणसं. मुख्य भूमिकेत एक शाळामास्तर. आणि त्यात एका भूमिकेत सिड रॉल, रिकाम्या घरांचा ताबा घेऊन तिथे गरजूंनी राहावं अशी चळवळ करणारा त्या काळचा खराखुरा कार्यकर्ता. म्हणजे रीत तीच, ज्याची गोष्ट आहे त्यालाच बोलवायचं. या वेळी मात्र आलेली माणसं जमीन वाटून घ्यायचं स्वप्न घेऊन आली होती.

ब्राउनलोनं 'नेपोलियन'चे तुकडे जोडायचं काम सोडलं नाही. त्यानं उभा केलेला तो सिनेमा १९८० साली लंडनमध्ये वाद्यवृंदासह दाखवला गेला. २०१० साली त्याला मानद ऑस्कर मिळालं, मूकपट जपण्याच्या या कामासाठी. पंधराव्या वर्षी हाती आलेल्या दोन रिळांची ही पुढची गोष्ट.

'इट हॅपन्ड हिअर' मिळाला तर जरूर पाहा. आवाज काही ठिकाणी पुटपुटल्यासारखा आहे, काही जणांचा अभिनय ओढूनताणून आहे. पण शेवटच्या नामावलीपर्यंत बसा. नावं वाचा.

आमच्या सिनेमाला नामावली नव्हतीच. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे, बुरशी आलेली. मामी, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे. येत्या मे महिन्यात मी येतो आहे. कैऱ्या मी आणीन, फोडीही मीच करीन. बरणी घेऊन ठेवली आहे.